उंदीर पडले, झडती माणसांची झाली

विचारणाऱ्यांचा प्रश्न थोडक्यात असा: १८९७ च्या प्लेगमध्ये सरकारकडे विज्ञान होतं आणि लोकांकडे भीती, म्हणून दोघांची जुंपली, असं शाळेत शिकलो. घरात मात्र पणजीची गोष्ट सांगतात. वाड्यात उंदीर पडायला लागले तसा तिने हट्ट धरला आणि सगळं कुटुंब मळ्यात झोपड्या घालून राहिलं. भाऊबंद तिला भित्री म्हणाले. ती भीती होती की शहाणपण? आणि लस आली होती तर लोकांनी ती का टाळली?

मी सरकारी आरोग्य खात्यात तीसेक वर्षं काढली, त्यातली बरीचशी साथींच्या मागे धावण्यात. इतिहासाची अभ्यासक मी नाही. पण प्लेगचे जुने अहवाल मी कामाचे कागद म्हणून वाचलेत, कारण १९९४ साली ते खरोखर कामाला आले. उत्तर थोडं लांबेल.

आधी पणजींचं. त्यांचं बरोबर होतं, आणि तेव्हाच्या बहुतेक साहेबांपेक्षा जास्त बरोबर होतं.

प्लेग हा मुळात उंदरांचा आजार. उंदराच्या अंगावरची पिसू त्याचं रक्त पिते, रक्तातले जंतू तिच्या जठराच्या तोंडाशी वाढून त्यांचा बोळा बसतो, आणि पोटात काही उतरेनासं होतं. उपाशी पिसू पुन्हा पुन्हा चावते आणि दर चाव्याला जंतू उलटे ओकते. उंदीर मेला, अंग गार पडलं की पिसवा त्याला सोडतात. जवळ दुसरा उंदीर नसला तर माणूस. चावा बहुधा पायाला, म्हणून गाठ बहुधा जांघेत. असा गाठीचा रोगी शेजारच्याला सहसा थेट रोग देत नाही. फुप्फुसाच्या प्लेगची गोष्ट वेगळी, तो खोकल्यातून पसरतो. पण १८९७ च्या मुंबई-पुण्यात मुख्य होता तो गाठीचा. म्हणजे घरात उंदीर पडले की धोका त्या घराच्या जमिनीवर असतो, आणि ते घर सोडणं हा त्या काळी हाताशी असलेला सगळ्यात चांगला इलाज होता. गढवाल-कुमाऊँच्या डोंगरातली माणसं हे फार आधीपासून करत. तिकडे या रोगाला महामारीच म्हणत, आणि उंदीर मरू लागले की अख्खं गाव बाहेर पडे. पिसूचं त्यांना काही माहीत नव्हतं. उंदरांवर मात्र त्यांची नजर होती.

आता विज्ञानाकडे. ‘सरकारकडे विज्ञान होतं’ हे वाक्य ऐकलं की मी विचारते, कुठलं? १८९४ साली हाँगकाँगमध्ये येर्सिन यांनी प्लेगचा जंतू शोधला. त्याच सुमारास जपानी शास्त्रज्ञ कितासातोही त्याच मागावर होते. मेलेल्या उंदरांतही तोच जंतू आहे हे येर्सिन यांनी तेव्हाच दाखवलं होतं. म्हणजे १८९६ मध्ये रोग मुंबईत आला तेव्हा जंतू माहीत होता, उंदीर माहीत होता. उंदरातून माणसात तो येतो कसा, एवढंच माहीत नव्हतं. नेमक्या त्या रिकाम्या जागेत घाण, दूषित हवा, ओल, दाटी आणि ‘नेटिवांच्या सवयी’ या जुन्या समजुती ठाण मांडून बसल्या.

मुंबईत सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत पहिल्यांदा निदान केलं ते डॉ. अकासियो गॅब्रियल व्हिएगस यांनी. मूळचे गोव्याचे. मांडवी म्हणजे गोदीला लागून असलेली धान्याच्या वखारींची वस्ती, उंदरांचं माहेरच. धोबी तलावाजवळ मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. रोज हजारो लोक त्याच्या समोरून बस पकडतात आणि तो कुणाचा हे विचारत नाहीत. असो. निदान झालं तरी ‘प्लेग’ हा शब्द उच्चारायला आधी कुणी राजी नव्हतं. बंदराच्या शहरात त्या शब्दाला पैशाची किंमत होती.

इथे ती दुसरी भीती येते जी शाळेच्या पुस्तकात नसते: सरकारची स्वतःची. हिंदुस्थानातून येणारी जहाजं युरोपच्या बंदरांत अडवली जाण्याचा प्रश्न होता. १८९७ च्या सुरुवातीला व्हेनिसला प्लेगसाठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. आपण काहीतरी कडक करतोय हे तिथे दाखवणं ब्रिटिशांना भाग होतं. त्या वर्षी हजच्या यात्रेवर बंदी आली. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोगांचा कायदा झाला, चार कलमांचा. अमुक करा असं त्यात फारसं नाही. सरकारला वाटेल तो नियम करता येईल, न पाळणाऱ्याला शिक्षा होईल, आणि अंमलबजावणी करणाऱ्यावर खटला भरता येणार नाही, एवढा त्याचा मथितार्थ. १२३ वर्षांनी कोविडमध्ये आम्ही काढलेल्या आदेशांच्या वर याच कायद्याचं नाव होतं, हे मी स्वतः टंकून घेतलंय.

असं अर्धवट ज्ञान, वरून दबाव आणि हातात मोकळा अधिकार एकत्र आले की यंत्रणा काय करते? जे हाताला लागतं ते पकडते. उंदराला नोटीस बजावता येत नाही. माणसाला येते. गटारांत समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक ॲसिड सोडलं गेलं, घरांच्या जमिनी उकरल्या, ऊन आत यावं म्हणून छपराची कौलं काढली, राहण्यास अयोग्य म्हणून भिंतींवर अक्षरं रंगवली. आता पिसूच्या नजरेने बघा. जमीन उकरली, बिळांत पाणी भरलं, की उंदीर शेजारच्या चाळीत. काही ठिकाणी सफाईनेच रोगाला पुढचा पत्ता दिला असणार. मुंबईतून लोक निघाले ते निघालेच. साडेआठ लाखांच्या आसपास वस्तीच्या शहरातून फेब्रुवारी १८९७ पर्यंत जवळजवळ निम्मे बाहेर होते. त्यांच्या बोचक्यांतून पिसवाही गेल्या, हेही खरं. पळणं हा एका घरासाठी उत्तम इलाज असतो आणि मुलुखासाठी वाईट. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, आणि याच जागी आमची नोकरी सुरू होते.

लोक कशाला भीत होते ते नीट वाचलं की चित्र पालटतं. प्लेगची भीती होतीच, पण दारात येणाऱ्या गाडीची त्याहून जास्त होती. २९ ऑक्टोबर १८९६ ला सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेले. (तेच आजचं कस्तुरबा रुग्णालय. २०२० मध्ये मुंबईचे सुरुवातीचे कोविड रुग्ण तिथेच ठेवले होते.) अफवा काय होत्या? इस्पितळात माणसाला उलटं टांगून त्याच्या डोक्यातून मोमिआई, म्हणजे औषधी समजलं जाणारं तेल, काढतात. राणीच्या पुतळ्याला डांबर फासलं त्याचा सूड म्हणून साहेब माणसं मारताहेत. पुतळा विटंबल्याचं खरं होतं, ऑक्टोबर १८९६ मधलं, आणि ते केलं होतं पुढे पुण्यात नाव गाजलेल्या चापेकरांनी. अफवा अशीच बनते, खऱ्या खिळ्यावर खोटा अंगरखा. आणि या अफवांच्या बुडाशी एक साधं निरीक्षण होतं: आत नेलेला माणूस सहसा परत येत नव्हता. रोगी शेवटच्या टप्प्यात उचलून नेला जायचा, प्लेगवर औषध नव्हतं, मग मरायचाच. गल्लीतून बघणाऱ्याला दिसे ते एवढंच की घरातून जिवंत नेला आणि मेला. लोकांच्या तर्कात खोट नव्हती. त्यांच्याकडे आलेली माहितीच तेवढी होती.

मग माणसं काय करतात? लपवतात. आजारी माणूस माळ्यावर, मृत्यू दुसऱ्याच कुठल्या तापाच्या नावावर. तेव्हाच्या अधिकाऱ्यांना हे कळत होतं, म्हणून ते नोंदलेल्या प्लेगमृत्यूंऐवजी आठवड्याचे एकूण मृत्यू मागच्या वर्षांच्या सरासरीशी ताडून बघत. कोविडमध्ये ‘अतिरिक्त मृत्यू’ म्हणून जे मोजलं ते हेच. लोक खोटं बोलू लागले की स्मशानाची वही वाचावी, हे मला माझ्या पहिल्या वरिष्ठांनी शिकवलं होतं.

पुण्याची दोन दृश्यं मी नेहमी शेजारी शेजारी ठेवते, कारण त्यांच्यात तीन दिवसांचंच अंतर आहे.

हडपसरला ससाणे मळ्यात डॉ. यशवंत फुले यांचा दवाखाना होता. सावित्रीबाई स्वतः रोगी आणत. मुंढव्याच्या वस्तीतल्या एका मुलाला पाठीवर घेऊन त्या तिथे पोचल्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. तोही रुग्ण बाजूला काढणारा, गावाबाहेरचा दवाखानाच होता. तिथेही औषध नव्हतं. तरी तिथे लोक जात होते.

१३ मार्चला पुण्यात लष्कराच्या तुकड्यांनी घरझडती सुरू केली. प्लेग समितीचे प्रमुख रँड. गोरे सोल्जर देवघरात, माजघरात शिरले, सामान रस्त्यावर आलं, बायकांना परक्या पुरुषांसमोर उभं करून तपासल्याच्या तक्रारी झाल्या. तपासायचं काय, तर काखेतल्या आणि जांघेतल्या गाठी. १९ मेपर्यंत हे चाललं. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या; सोबतचा लष्करी अधिकारी आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. पुढचं फाशीचं आणि टिळकांवरच्या राजद्रोहाच्या खटल्याचं सगळ्यांना पाठ आहे.

मला त्यातली तांत्रिक बाजू सांगायचीय, कारण ती कुणी सांगत नाही. मेमध्ये पुण्यातला प्लेग ओसरला आणि झडतीचा उपाय लागू पडला असं अधिकाऱ्यांना वाटलं. पण दख्खनच्या कोरड्या कडक उन्हाळ्यात पिसू फार जगत नाही. ती साथ ओसरण्यात उन्हाचा वाटा मोठा होता. पावसाळ्यानंतर त्याच शहरात प्लेग परत आला, आणि आधीपेक्षा मोठा आला. आमच्या धंद्यातली ही जुनी खोड: साथ उतरणीला लागलेली असताना केलेला प्रत्येक उपाय रामबाण ठरतो.

आणि बाईला तपासण्याचं. १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाचा प्लेग जाहीर झाला तेव्हा मी खानदेशातल्या एका तालुक्याला होते. सुरतेच्या उधना-लिंबायतमध्ये आपल्याकडची किती माणसं आहेत हे तिकडच्यांना सांगायला नको. चार-पाच दिवसांत लाखो लोकांनी सुरत सोडली; तापीच्या काठाने येणाऱ्या गाड्या डब्यांच्या टपापर्यंत भरलेल्या. आम्हाला एसटी स्टँडवर तपासणीला बसवलं. पहिल्या दिवशी टेबल उघड्यावर, दोन पोलीस शेजारी. बायका आम्हाला बघून मागच्या फाटकाने निघून जात. दुसऱ्या दिवशी मी पार्सलच्या खोलीच्या दारावर एक जुनी चादर बांधली, पोलिसांना चहाच्या टपरीवर पाठवलं आणि आत मी आणि आमची नर्सबाई. ताप बघायचा, खोकला विचारायचा, मग हात पदराखालून काखेत. दुपारपर्यंत रांग लागली. एक म्हातारी आत येऊन म्हणाली, ‘‘बाई, आमच्याकडे उंदीर नाही पडले, मग कशाला तपासता?’’ तिला मी समजावलं की खोकल्याचा प्लेग उंदीर न पडताही होतो. पण प्रश्न किती नेमका होता! बीडच्या मामला गावात ऑगस्टमध्ये उंदीर आधी पडले होते, रोगी नंतर आले. तिच्या डोक्यात शंभर वर्षांपूर्वीची निगराणी व्यवस्था शाबूत होती.

त्या वेळी घाबरलं कोण, हेही लिहून ठेवते. सुरतेतले अनेक खासगी डॉक्टर दवाखान्यांना कुलपं लावून निघून गेले. टेट्रासायक्लिन दुकानांतून दिसेनासं झालं. आपल्या विमानांना काही देशांनी दारं लावली, व्हेनिसची आठवण यावी अशी. देशभरात मृत्यू पन्नाशीच्या आसपास झाले. त्या वर्षी क्षयाने किती गेले असतील याचा हिशेब कुणी मागितला नाही. ‘लोक घाबरतात आणि जाणकार शांत असतात’ यावर माझा विश्वास तेव्हाच उडाला.

आता लसीचं. वाल्डेमार हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या जागेत काम सुरू केलं आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतलं, नेहमीच्या मात्रेपेक्षा बरीच जास्त. मग भायखळ्याच्या तुरुंगात, तयार झालेल्या कैद्यांवर. त्यांच्या लसीचा एक तपशील मला फार आवडतो. जंतू रश्श्यात वाढवायचे, वर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे. त्या थेंबांना धरून जंतूंच्या वाढीच्या दशा छताच्या झुंबरासारख्या खाली लोंबत. मग बाटली हलवून त्या खाली पाडायच्या आणि शेवटी उष्णतेने मारायच्या. गोमांस चालणार नाही हे ओळखून रश्शासाठी बोकडाचं मांस घेतलं होतं. प्रयोगशाळेत बसूनही बाहेरच्या माणसाचा विचार करणारा हा गृहस्थ होता, आणि लस सक्तीने टोचण्यापेक्षा लोक स्वतः येतील अशी ती पुढे ठेवण्यावर त्याचा भर होता.

तेव्हा ‘लोकांनी लस टाळली’ हे सरसकट खरं नाही. कुणी समोर उभं राहून आधी टोचून घेतलं की लोक येत. मुंबईत आगा खानांनी जाहीरपणे टोचून घेतलं आणि खोजा समाजातले हजारो लोक पुढे आले. १८९८ मध्ये हुबळीत एका वर्षात तीसेक हजारांहून जास्त माणसांना लस गेली. ज्यांनी टाळली त्यांच्याकडेही कारणं होती: दोन दिवस ताप, सुजलेला दंड, बुडालेली मजुरी, आणि काल कौलं काढणारं सरकारच आज सुई घेऊन आलेलं.

मग मुलकोवाल. पंजाबातलं गाव, ३० ऑक्टोबर १९०२. त्या दिवशी १०७ जणांना लस दिली. एकाच बाटलीतून ज्या १९ जणांना दिली ते सगळे धनुर्वाताने गेले. बाकीच्या बाटल्यांतल्यांना काही झालं नाही. बूच काढताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला, असं पुढे निघालं. पण दोष प्रयोगशाळेवर आला, हाफकिन निलंबित झाले, आणि १९०७ मध्ये मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस वगैरेंनी उघड आवाज उठवल्यावर त्यांच्यावरचा डाग पुसला गेला. मधल्या पाच वर्षांत पंजाबात प्लेगने हाहाकार माजवला होता. लोकांची भीती आपण तोलत बसतो. इथे सरकारने स्वतःच्या भीतीपोटी आपला सगळ्यात चांगला माणूस बाजूला काढला. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये त्यांनी उभी केलेली प्लेग प्रयोगशाळा १९२५ पासून त्यांच्या नावाने ओळखली जाते.

पिसूची गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली. पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरला रोग्यांच्या पायांवर बारीक फोड दिसत, चावल्यासारखे. जून १८९८ मध्ये कराचीत त्याने बरणीत प्लेगचा उंदीर पिसवांसकट ठेवला, वर जाळीच्या पिंजऱ्यात निरोगी उंदीर. खालचा मेला, काही दिवसांनी वरचाही प्लेगने मेला. शोध लागला होता. पण मोठ्या मंडळींनी तो हसण्यावारी नेला आणि पुढची सहा-सात वर्षं माणसांची झडती, कपड्यांची धुलाई आणि भिंतींचा चुना चालूच राहिला. १९०५ पासून परळलाच प्लेग संशोधन आयोगाने हे नीट तपासलं. ग्लेन लिस्टन त्यात होते. त्यांनी जनावरांचे पिंजरे टांगले: एक जमिनीपासून दोन इंचांवर, एक दोन फुटांवर. खालची जनावरं मेली, वरची वाचली. पिसू चार-पाच इंचांपलीकडे उडी मारत नाही. काही पिंजऱ्यांभोवती नुसता माश्यांचा चिकट कागद पसरला होता, तीही जनावरं वाचली. हवेतून येतो, मातीतून येतो, वासातून येतो, सगळे वाद त्या कागदावर चिकटून बसले. आणि खाट उंच असलेल्या घरांची मला आठवण येते, जमिनीवर वळकटी टाकणाऱ्यांचीही.

तर पणजींना भित्री म्हणणाऱ्यांना माझा निरोप सांगा. एक गोष्ट मात्र घरात जुनं कुणी असेल तर विचारून घ्या: मळ्यात जाताना त्यांनी धान्याची पोती आणि अंथरुणं सोबत नेली होती की वाड्यातच ठेवली? संसर्ग झालेल्या पिसवा बोचक्यांतून, कपड्यांतून प्रवास करतात. नेली असतील तर झोपडीत आधी ती उन्हात पसरली का, तेही. उत्तर मिळालं तर मला जरूर कळवा.